दोडक्याच्या फुलावर पाण्याचा थेंब

त्या बुधवारी माधवीच्या डब्यात पोळी नव्हती, फुलं होती. आदल्या संध्याकाळी कळ्या असतानाच खुडून ओल्या फडक्यावर निजवलेली दोडक्याची सात पिवळी फुलं. बडनेऱ्याजवळ एसटीनं असा काही गचका दिला, की तिनं डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

शेजारची म्हातारी म्हणाली, "काय वं, डब्यात तूप हाये का?"

"फुलं आहेत मावशी."

"देवाले?"

"नाही. मायक्रोस्कोपले."

म्हातारीनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि अमरावती येईपर्यंत परत काही विचारलं नाही.

माधवी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गातल्या पोरी वीस-एकवीसच्या, ही चोवीसची. मधे लग्न झालं, अचलपूरचं माहेर सुटलं, अकोला रोडवरच्या या गावात ती आली, आणि मग मैना झाली. मैना आता दहा महिन्यांची होती. घड्याळात चार वाजले की माधवीचा जीव घराकडे धावायचा, आणि जिवाच्याही आधी दूध धावायचं. म्हणून ती कॉलेजला नेहमी गडद रंगाचा कुडता घालून यायची.

पण आज तिच्या डोक्यात मैनेच्या जोडीला अठरा वेली होत्या.

घराला लागून सासऱ्यांचा, शेषरावांचा, दोडक्याचा मांडव होता. पिढ्यान्‌पिढ्या भाजी आणि फुलं पिकवणारं घर. तरी यंदा त्या मांडवाला एक दोडका धरत नव्हता. मादी फूल यायचं, फुलामागे करंगळीएवढा इवला दोडकाही असायचा. फूल मिटलं की दोन दिवसांत तो पिवळा पडून गळायचा. रोज सकाळी मांडवाखाली अशी पिवळी लेकरं पडलेली असायची, आणि सासूबाई, इंदूबाई, ती वेचून ओंजळीत घेऊन नुसत्या उभ्या राहायच्या.

कारण ते बियाणं त्यांच्या आईचं होतं. तेल्हाऱ्याहून लग्न होऊन निघताना आईनं पदराच्या गाठीत बांधून दिलेलं. वीतभर दोडका, मऊ शिरा, कितीही ऊन तापलं तरी कडू न होणारा. दर साली एकदोन दोडके वेलीवरच वाळवायचे आणि आढ्याला टांगायचे. बी त्यांच्याच पोटात राखलेलं. गेल्या दिवाळीला माधवी बाळंत झाली. इंदूबाई सव्वा महिना सुनेच्या शेकशेगडीत आणि डिंकाच्या लाडवांत गुंतल्या, आणि तेवढ्यात आढ्यावरचे दोडके उंदरांनी पोखरले. वीस बिया वाचल्या, अठरा उगवल्या. या अठरा वेलींनी यंदा एक तरी दोडका पिकवून दिला नाही, तर ते बियाणं जगातून संपलं.

इंदूबाई सुनेला यावरून एक शब्द बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि शेषरावांचं म्हणणंही खोटं नव्हतं. ट्रेमध्ये झेंडूची रोपं तयार होती. या आठवड्यात लागली तर दसऱ्याला फुलं, नाहीतर नुसता पाला. "रविवारी येल उपटतो," त्यांनी जाहीर केलं होतं. "बिनफळाच्या मांडवाले किती दिवस पानी पाजू?"

म्हणून हा डबा.

प्रयोगशाळेत सूर्यभान कपाट उघडून उभा होता. अठ्ठावीस वर्षं तिथं काम केलेला माणूस. मायक्रोस्कोप कुणाच्या हातात देताना दर वेळी तेच वाक्य. "एक हात मानेले, एक हात बुडाखाली. लेकरू उचलल्यावानी."

"मले येते लेकरू उचलता, काका."

"तुले येते. त्या बाकीच्या पोट्ट्या बादली उचलल्यावानी उचलतात."

माधवीनं काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवला, नर फुलाचे केसर त्यावर हळूच झटकले, आणि वरची पातळ काच सुईच्या टोकावर तिरपी धरून हळूहळू निजवली. धपकन टाकली की खाली हवेचे बुडबुडे अडकतात. पहिल्या वर्षी तिनं असाच एक काळ्या काठाचा बुडबुडा पेशी समजून तासभर रंगवला होता. रागिणी मॅडमनी खाली शेरा दिला होता, "हवा सुरेख काढली आहे."

आधी लहान भिंग. बाजूनं डोळा ठेवून काच भिंगाच्या जवळ नेली, मग आत पाहत पाहत दूर. धूसर, धूसर, आणि एकदम लख्ख! फिकट पिवळे, टपोरे परागकण. ओट्यावर वाळत घातलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखे. माधवीला हसूच आलं. हे एवढं आपल्या मांडवात आहे आणि आपण भाजी निवडत बसतो!

मग एक कण फुगला. फुगला आणि फुटला. आतला सगळा ऐवज धुरासारखा बाहेर सांडला. शेजारचा फुटला. त्याच्या पलीकडचा. दोन मिनिटांत शेतभर फटाके लागल्यासारखं झालं, आणि नंतर नुसती टरफलं उरली.

मॅडमची वहीची एक शिस्त होती. डाव्या पानावर पाहिलं ते, उजव्या पानावर वाटलं ते. माधवीनं डावीकडे लिहिलं, "दोन मिनिटांत जवळजवळ सगळे कण फुटले." उजवीकडे लिहिलं, "पराग निकामी. बियाणंच बिघडलेलं." मॅडम मीटिंगमध्ये होत्या. चार वाजत आले, कुडता ओला होऊ लागला. वही टेबलावर ठेवून ती बसस्टँडकडे पळाली.

घरी पोचली तेव्हा साडेपाच झाले होते. शेषराव पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून मांडव धूत होते. पंधरा दिवस पावसानं दडी मारलेली, आणि धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे शेताच्या बांधापलीकडच्या, सडकेवरून मुरुमाचे टिप्पर दिवसभर धूळ उडवत. रोज संध्याकाळी ते पान न्‌ पान धुऊन काढायचे, म्हशीचं अंग धुवावं तसं, मायेनं.

मैनेला ओढणीखाली घेत माधवीनं उजवं पान बोलून टाकलं. "आत्याबाई, परागच निकामी आहेत. बियाणंच बिघडलं असावं."

इंदूबाई रिकाम्या पाळण्याची दोरी सवयीनं ओढत बसल्या होत्या. दोरी थांबली.

"चाळीस साल झाले," त्या म्हणाल्या. "कधी बिघडलं नाई."

शेषराव पाय धूत अंगणातून म्हणाले, "मंग झालं तं. आता कालेजानंच सांगतलं. रविवारी मोकळं करू." पण आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

इंदूबाई थोड्या वेळानं उठून सुनेजवळ येऊन बसल्या. "मले वाटे का तू बोट दाखवून कळ्या मोजतं, त्यानं गळून राह्यल्या. कोवळ्या फळाले बोट दाखवू नाई. सडते थे." मग स्वतःच म्हणाल्या, "पन बियाणंच गेलं तं बोटाचा काय दोष."

मांडवाजवळ कळ्या दाखवताना माधवी त्या दिवसापासून बोट वाकडं करू लागली.

दुसऱ्या दिवशी रागिणी मॅडमनी वही उघडली तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पराग कशात ठेवलेस?"

"पाण्यात."

"आणि तुलनेला काय घेतलंस?"

माधवीनं डावं पान पुन्हा चाळलं. तुलनेचं काही नव्हतं.

"ज्या वेलीला फळ धरतं हे आपल्याला पक्कं माहीत आहे, तिचेही कण त्याच पाण्यात ठेवून पाहिलेस का? नाही. मग फुटणं हा रोग आहे की सगळेच फुटतात, हे तुला कसं कळलं?" मॅडमनी उजव्या पानावर बोट ठेवलं. "हे घरी सांगितलंस?"

माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रडायचं नंतर. फळ धरणारी वेल शोध."

"आपल्या भिंतीवर गिलकं हाये ना," सूर्यभान मागून म्हणाला. "रोज दोन गिलके घरी नेतो मी. फस्क्लास येल."

गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, फूल सकाळीच उमललेलं होतं. त्याचे कण, तोच पाण्याचा थेंब. माधवी डोळा लावून बसली. एक फुगला. फुटला. दुसरा. तिसरा.

"फुटले!" ती ओरडली. "मॅडम, याचेही फुटले!"

"माया गिलक्याले नावं ठेवू नका हं," सूर्यभान दुखावला. "चांगले चांगले गिलके देते थो."

"तेच तर, काका! चांगले देते तरी फुटले!"

आता तिच्या अंगात वारं शिरलं. बियाणं नाही, पाणी! कण आतून दाट असतो, बाहेर नुसतं पाणी. ते आत शिरतं, शिरतच राहतं. पहिल्या वर्षी पाठ करून लिहिलेलं उत्तर आज डोळ्यांपुढे फुटत होतं. मादी फुलाच्या तोंडावर नुसतं पाणी थोडंच असतं, तिथं गोड चिकट ओल असते.

"मग गोड करू," मॅडम म्हणाल्या. "शंभर मिली पाणी, दहा ग्रॅम साखर. चिमूटभर बोरिक ॲसिड."

बोरिकची बाटली रिकामी निघाली. सूर्यभान दोन मिनिटं दिसेनासा झाला आणि स्टाफरूममधून कॅरमची पावडर घेऊन आला. मॅडमनी डब्यावरचं बारीक लिखाण चष्मा वर करून वाचलं. "बोरिकच आहे," त्या म्हणाल्या. "आज सरांचा डाव बंद."

मॅडमना दाखवायला तिनं काल संध्याकाळीही दोडक्याच्या मिटल्या कळ्या खुडून ठेवल्या होत्या; ती फुलं आता रात्रभराची शिळी. कण साखरपाण्यात गेले. पाच मिनिटं झाली. कुणी फुटलं नाही. दहा. पंधरा मिनिटांनी सूर्यभाननं चहा आणला, तो निवून गेला. माधवीचा डोळा भिंगाला चिकटलेला.

"काचेवर श्वास सोडू नकोस," मॅडम म्हणाल्या.

आणि मग एका कणाच्या अंगावर बारीकसा उंचवटा आला. दुधाचा पहिला दात हिरडीतून टोचतो तसा. तो पुढे सरकला. त्याची नळी झाली. नळी वाढत होती! दिसत होती वाढताना! आत बारीक दाणे वाहत होते, नदीच्या गढूळ पाण्यासारखे. शेजारच्यालाही नळी फुटली. पलीकडच्यालाही.

"मॅडम, जिवंत आहेत! चालतात! मॅडम, ते निघाले!"

"कुठे निघाले?" मॅडमही हसत होत्या.

"फळाकडे!"

सूर्यभाननं डोळा लावून पाहिलं. अठ्ठावीस वर्षं त्यानं मायक्रोस्कोप पुसले होते. "मायबाई," एवढंच म्हणाला.

"किती लांब झाली नळी?" मॅडमनी विचारलं.

भिंगात रेघांची पट्टी होती. "सत्तावीस रेघा."

"सत्तावीस रेघा म्हणजे किती? तुझ्या सासूबाई दोडका कसा मोजतात?"

"बोटांनी. चार बोटं, सहा बोटं."

"या रेघा म्हणजे बोटंच. कुणाचं बोट, किती जाड, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आणि भिंग बदललं की बोटही बदलतं."

मग मॅडमनी ती जपून ठेवलेली काचपट्टी काढली, जिच्यावर एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात. माधवीनं दोन्ही पट्ट्यांच्या रेघा एकाखाली एक आणल्या. या भिंगाखाली डोळ्याकडच्या पट्टीतली एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा बरोबर शंभरावा भाग. कण साडेनऊ रेघा. नळी सत्तावीस, म्हणजे कणाच्या जवळजवळ तिप्पट, चाळीस मिनिटांत. तिनं शंभर कण मोजले, डावीकडून उजवीकडे, आवडते कण न निवडता. अडतीस कणांना नळी फुटली होती. रात्रभराच्या शिळ्या फुलात अडतीस!

बसमध्ये तिला बसवत नव्हतं. बडनेरा गेलं, फाटा आला. बियाणं चांगलं आहे, बियाणं चांगलं आहे, ती मनात घोकत होती. पण मग फळ का धरत नाही? हे उजवं पान अजून कोरं होतं.

गल्लीतून वळली आणि समोर मांडव. साडेपाचचं ऊन तिरपं झालेलं. दोडक्याची फुलं सकाळी नाही, दिवेलागणीला उमलतात. पिवळ्या पाकळ्या आत्ता कुठे सुटत होत्या. आणि त्यांच्यावर, पाइपाच्या तोंडाला अंगठा लावून, शेषराव मायेनं पाणी उडवत होते. थेंब उमलत्या फुलांत पडत होते. केसरांवर. पाणी. नुसतं पाणी.

माधवीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"मामाजी! पाइप! पाइप बंद करा!"

शेषराव दचकले आणि पाइपासकट वळले, त्यामुळे पहिलं पाणी माधवीच्याच तोंडावर बसलं. ओलीचिंब होऊन ती हसत सुटली. इंदूबाई मैनेला कडेवर घेऊन धावत आल्या. "काय झालं वं? साप निंगाला का?"

"पाणी! आत्याबाई, बियाणं चांगलं आहे, मी चुकीचं सांगितलं होतं. पाण्यानं पराग फुटून राह्यले! फूल उघडते अन्‌ त्याच येळेले मामाजी धुतात!"

शेषरावांनी नळ बंद केला. शांतपणे पाइप गुंडाळला. "म्हंजे मी मारून राह्यलो?" ते म्हणाले. "लेकरावानी पानं धुतो मी, न्‌ मी मारतो? पान्यानं फूल मरते? उद्या म्हनशीन पावसानं पीक मरते!"

"पाऊस रोज साडेपाचलेच येते का, मामाजी?"

"काल म्हने बियाणं बिघडलं. आज म्हने पानी. परवा काय, मीच बिघडलो?"

काल ती चुकलीच होती. आज तोंडानं सांगून चालणार नव्हतं.

शुक्रवारी तिनं मॅडमना विचारलं, आणि मॅडमनी रजिस्टरमध्ये सही करून एक जुना, आरसा असलेला मायक्रोस्कोप सोमवारपर्यंत दिला. सूर्यभाननं तो स्वतःच्या टॉवेलात गुंडाळला. "खड्डा आला का मांडीवर घेजो," तो म्हणाला. "अन्‌ कोनी विचारलं तं सांगजो, सूर्यभानचा हाये."

मांडवाखाली खाटेवर पाट, पाटावर मायक्रोस्कोप, आरशापुढे मोबाइलचा टॉर्च. पावणेसहा झाले, तिच्या सांगण्यावरून पाइप अजून बंद. फुलं उमलली. शेषरावांनी टोपी काढली, एक डोळा मिटला, दुसरा लावला.

"काय दिसते, मामाजी?"

"काये काये झाडू."

"त्या तुमच्या पापण्या आहेत. थोडं मागं या."

"हां. आता एक गोल हाये. काया काठ. लय मोठा."

"तो भिंगाचा काठ. थांबा." तिनं काच जराशी सरकवली.

शेषराव एकदम स्तब्ध झाले. "अबब," ते हळू म्हणाले. "हे आपल्या फुलातलं?"

"आपल्या फुलातलं. कोरडं. आता तुमी स्वतः पाइपाचं पाणी टाका, इथं काठाशी. एकच थेंब."

शेषरावांनी करंगळीच्या टोकावर थेंब घेतला, काचेच्या कडेला लावला आणि डोळा पुन्हा भिंगाला नेला. पाणी आत शिरलं. काही क्षण गेले. मग त्यांची मान एकदम आखडली. माधवीला काही दिसत नव्हतं, पण काय चाललंय ते तिला त्यांच्या चेहऱ्यावरून मोजता येत होतं. एक फुटला. दोन. आणखी.

ते वर झाले तेव्हा त्यांनी पाइपाकडे पाहिलं. मग फुलांकडे. "रोज," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले, रोज."

मैनेनं तेवढ्यात सूर्यभानच्या टॉवेलाचं टोक तोंडात घातलं.

"मंग आजपासून पानी बंद," इंदूबाई म्हणाल्या.

"सगळ्या वेलींचं नाही, आत्याबाई."

"काहून?"

"सगळ्या कोरड्या ठेवल्या अन्‌ फळ धरलं, तर मामाजी म्हणतील हवा बदलली, नाहीतर खत लागू पडलं."

"म्हनीनच!" शेषराव म्हणाले. आवाजात जीव परत आला होता.

"माया जीव टांगनीले लागला, न्‌ तू जानून येल भिजवतं?" इंदूबाईंनी विचारलं.

माधवीनं इंदूबाईंचा हात धरला. अवघड होतं ते. अठराच वेली, आणि त्यातल्या काही मुद्दाम धुवायच्या. पण परवा चुकीचं सांगून तिनं याच हातांतली पाळण्याची दोरी थांबवली होती. "बारा कोरड्या, सहाच ओल्या. यंदा नुसतं बी वाचलं अन्‌ कारण नाही कळलं, तर पुढच्या साली हेच होईन."

इंदूबाईंनी मांडवाकडे पाहिलं. "सहाच," त्या म्हणाल्या. "अन्‌ कोनत्या थे मी सांगीन."

"नाही. तुमी नाही, मी नाही, मामाजी नाही. तुमी मरतुकड्या द्याल, मी माझ्या बाजूनं निवडीन. चिठ्ठ्या टाकू."

वेलींचे आकडे लिहून अठरा चिठ्ठ्या केल्या आणि मैनेपुढे ताट धरलं. तिनं सहा उचलायच्या होत्या. पाच उचलल्या आणि सहावी खाल्ली. तोंडात बोट घालून काढली तेव्हा शाई पसरली होती, पण आकडा लागला: अकरा. शेषराव इतके हसले की खाटेवर बसले. अकरा म्हणजे दाराजवळची, इंदूबाईंची सगळ्यांत लाडकी वेल. इंदूबाई हसल्या नाहीत, पण चिठ्ठी त्यांनी बदलू दिली नाही.

शेषरावांनी अट घातली. "बुधवार. बुधवारी सकाऊन मोजू. त्याच्या पुढं झेंडू थांबत नाई."

शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन संध्याकाळी. शेषराव शुक्रवारी चिठ्ठ्या पडल्याबरोबर आणि पुढं बरोबर साडेपाचला सहा वेली धुवायचे, पहिल्यासारख्याच, आणि मधे गोणपाटाचा पडदा धरायला इंदूबाई उभ्या. बारा वेलींची पानं आता सकाळी, फुलं मिटल्यावर धुतली जायची. उमललेल्या प्रत्येक मादी फुलाच्या देठाला माधवी दोरा बांधायची, कोरड्याला लाल, ओल्याला पांढरा. शनिवारी धर्मेंद्र, तिचा नवरा, अकोल्याहून दोन दिवसांच्या सुट्टीवर आला. तो तिकडे ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात होता. बायको खाटेवर उभी, आई पडदा धरून, बाप घड्याळ पाहत, हे दारातूनच पाहून तो म्हणाला, "कोनाचं लगन हाये?"

"दोडक्याचं," शेषराव म्हणाले. "दोरा धर."

कोरड्या फुलांवर अंधार पडताना पाकोळ्या यायच्या, भुंगे यायचे. माधवी मैनेला पाजत पाजत ते पाहायची आणि मैनेच्या कानात मोजायची. एक पाकोळी. दोन पाकोळ्या. सोमवारी मायक्रोस्कोप परत गेला. सूर्यभाननं टॉवेल हुंगला आणि म्हणाला, "लेकरानं पावन केला वाटते."

सोमवारी, मंगळवारी मांडवाखाली कुणी जायचं नाही असं ठरलं होतं, आणि सगळेच काही ना काही कारणानं जाऊन आले.

बुधवारी पहाटे उजाडताच चौघं मांडवाखाली होती, मैना धरून. माधवीनं वहीचं डावं पान उघडलं. आधी पांढरे दोरे. चौदा फुलं. पिवळं, गळलं, गळलं, पिवळं. शेषराव प्रत्येक दोऱ्याशी थांबत होते. अकराव्या वेलीशी इंदूबाईंनी आधीच तोंड फिरवलं. चौदांत एक टिकलं होतं, तेही अकराव्याच वेलीवर.

"आता लाल," माधवी म्हणाली.

पहिला लाल दोरा. हिरवा! देठ ताठ, शिरा उठलेल्या, फूल गळून पुढे नुसतं वाळकं टोक. दुसरा हिरवा. तिसरा पिवळा. चौथा, पाचवा, सहावा हिरवे. शेषराव मोठ्यानं मोजू लागले, माधवी लिहू लागली, दोघांची गल्लत झाली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकतीस फुलं. बावीस दोडके!

"बावीस!" शेषराव ओरडले, तसा रस्त्यावरून दूध घेऊन जाणारा माणूस सायकलवरून उतरला. "बावीस! लिही!"

"लिहिलं, मामाजी."

"दुसऱ्यांदा लिही!"

इंदूबाईंनी कमरेला खोचलेला पदर सोडून मैनेच्या जुन्या झबल्याची लाल चिंधी काढली. कधीची फाडून ठेवली होती कुणास ठाऊक. सगळ्यांत लांब दोडक्याशी त्या गेल्या आणि देठाला चिंधी बांधली. चिंधीचा दोडका बियाण्याचा. त्याला आता कुणी विळी लावणार नव्हतं. मग त्याच्या अंगाला आडवी बोटं लावून त्यांनी मोजलं. "सहा बोटं."

आत्याबाईंचं बोट माधवीनं रविवारीच मोजून ठेवलं होतं, पावणेदोन सेंटिमीटर. पट्टी न काढताच तिनं लिहिलं, "वेल क्र. चार, साडेदहा सेंटिमीटर."

शेषराव मात्र अकराव्या वेलीशीच उभे होते, त्या एकुलत्या टिकलेल्या फळाच्या पांढऱ्या दोऱ्यापाशी. "हा एक कसा वाचला?" ते पुटपुटले. मग खाली वाकले. "हे पाह्य. वरतं केवढं पान हाये. छत्रीवानी. पानी आतमंधी गेलंच नाई!"

"मामाजी, हे पाहिलं का वाटलं?"

शेषराव थांबले. टोपी मागे सरकवली. "वाटलं," ते कबूल झाले. "उजव्या पानावर लिही. सांजच्याले पाहू."

"अन्‌ झेंडू?"

"झेंडू धुऱ्यानं लावू. तिकडच्या पट्टीत. मांडवाले कोनी हात लावायचा नाई."

माधवी वाकड्या बोटानं बावीस दोडके पुन्हा एकदा मोजत होती. इंदूबाई ते पाहून जवळ आल्या.

"खरंच सडते का वं बोट दाखवल्यानं?"

"माहीत नाही, आत्याबाई. कुणी तपासलं नसावं."

इंदूबाईंनी विचार केला. चिंधीची गाठ जरा घट्ट केली. "पुढच्या साली चिठ्ठ्या टाकू," त्या म्हणाल्या. "अर्ध्यांले बोट दाखवू, अर्ध्यांले नाई." आणि मैनेचा दोडक्याकडे निघालेला हात त्यांनी हळूच मुठीत धरला. "पन याले नाई हं, बाई. याले बिलकुल नाई."